घरातली वीजबचत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीची सर्वसाधारण सभा, शाळेचं स्नेहसंमेलन, महिला मंडळ, एकदा तर चक्क हळदीकुंकू. वीजबचतीवर बोलायला मला कुठेही बोलावतात आणि मी जातो. गावं बदलतात, प्रश्न फारसे बदलत नाहीत, म्हणून ते उत्तरांसकट इथे लिहून ठेवतोय. बल्ब बदला, फ्रिजचं दार उघडं ठेवू नका, या याद्या तुम्ही शंभरदा वाचल्या असतील. त्या वाचूनही घरात काही का हलत नाही, यावर इथे जास्त लिहिलं आहे.

लोकांना माहिती नसते, म्हणून वीज वाया जाते ना?

अर्धंच खरं. सभेत मी सुरुवातीलाच विचारतो, "वीज वाचवायला काय कराल?" उत्तर एका सुरात येतं: खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद. म्हणजे शिकवण पोचलेली आहे. चुकतं ते माप.

मग मी फळ्यावर एक हिशेब मांडतो. वीस लिटरची बादली, नळाचं पाणी २५ अंशांचं, आंघोळीला हवं ४२ अंशांचं. एवढं पाणी तापवायला साधारण ०.४ युनिट वीज लागते. तेवढ्याच विजेवर ९ वॉटचा एलईडी बल्ब ४४ तास चालतो. घरात चार माणसं गरम पाण्याने आंघोळ करत असतील, तर महिन्याला ४८ युनिट नुसत्या बादल्यांत जातात. आणि वडील मुलाला ओरडतात ते संडासातला दिवा चालू राहिला म्हणून! तेही शॉवरखाली वीस मिनिटं घालवून बाहेर आल्यावर.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५०५ लोकांना हाच प्रश्न विचारला होता. दिवे बंद करणं, वापर कमी करणं यांवरच त्यांचा भर होता. जास्त कार्यक्षम उपकरण घेणं फार थोड्यांना सुचलं. उपकरणांचा वापर आणि त्यातली बचत यांचा त्यांचा अंदाज सरासरी २.८ पटींनी कमी पडला. छोट्या गोष्टींचा अंदाज बरा होता, गडबड मोठ्या गोष्टींत होती. दिवा डोळ्यांना दिसतो, गिझर मात्र बंद दाराआड माळ्याखाली लटकत असतो.

मग मुलांना दिवे बंद करायला शिकवायचं नाही का?

शिकवा की. पण तिथेच थांबू नका. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. उपकरणांना तारे देणारा केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो शाळकरी मुलांसाठी चित्रकला स्पर्धाही घेतो. मी अशा काही स्पर्धांना परीक्षक होतो. दहातल्या सात चित्रांत रडणारी पृथ्वी आणि हसणारा बल्ब असतो. चित्र सुंदर, पण ते काढणाऱ्याला आपल्या घरचं मीटर कुठल्या भिंतीवर आहे ते माहीत नसतं.

म्हणून मी शिक्षकांना एकच गृहपाठ सुचवतो: पंधरा दिवस रोज सकाळी सातला मीटरचा आकडा वहीत लिहा आणि कालचा आकडा वजा करा. सहावीतल्या एका मुलीच्या वहीत रोज ५, ६, ५, ६ असं चाललं होतं आणि एका रविवारी एकदम ११. तिने घरात चौकशी लावली. पाहुणे आले होते, दोन्ही गिझर चालू होते, आठवड्याची इस्त्री त्याच दिवशी झाली होती आणि आत्याने जाताना बाथरूमचा गिझर बंद केलाच नव्हता. तो रात्रभर पाणी गरम ठेवत बसला. त्या मुलीने वहीत आत्याच्या नावापुढे लाल फुली मारली होती. बाईंनी शेरा दिला, 'छान निरीक्षण'. आत्याला ते दाखवलं की नाही, कल्पना नाही.

मुलांना शिकवलेलं घरापर्यंत पोचतं, याला आधारही आहे. कॅलिफोर्नियात गर्ल स्काउटच्या ३० पथकांबरोबर केलेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. मुलींना नुसतं व्याख्यान दिलं नव्हतं. घरी करून बघायच्या गोष्टी, त्यांची नोंद आणि एकमेकींसमोर सांगणं असा कार्यक्रम होता. मुलींच्या सवयी बदलल्याच, थोड्या प्रमाणात आईवडिलांच्याही बदलल्या. काही महिन्यांनी तो जोर ओसरला, पण पूर्ण गेला नाही. ही नोंद अर्थात त्यांनी स्वतःच सांगितलेली होती, मीटरवरून घेतलेली नव्हती, हेही सांगायला हवं.

आजी म्हणते, तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवायचं नाही. सगळ्या खोल्यांत दिवे लावते. काय करू?

काहीही करू नका. आजीचे चार एलईडी दिवे तासभर जळले तरी तुमच्या जेमतेम दोन मग गरम पाण्याएवढी वीज होते. लक्ष्मीच्या वेळी घर उजळलेलं असावं ही तिची भावना आहे, आणि तिला 'अंधश्रद्धा' म्हणून हिणवलंत तर पुढची खरी कामाची गोष्ट ती ऐकणार नाही. घराघरांत मी हे पाहिलंय: पहिली चकमक चुकीच्या जागी झाली की मोहीम तिथेच संपते. आजीकडे एखादा जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब शिल्लक असेल, तर तेवढा गुपचूप बदला.

उलट तिच्याकडून घेण्यासारखं बरंच आहे. डाळ भिजवून शिजवणं, कुकरमध्ये एकावर एक डबे लावून भात, वरण आणि बटाटे एकदमच काढणं, उकळी आल्यावर गॅस बारीक करणं. सिलिंडर किती दिवस गेला याची तारीख कॅलेंडरवर लिहिणारी पिढी आहे ती. विजेच्या बाबतीत अशी तारीख कोणीच लिहीत नाही, कारण बिल बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाच्या नावावर येतं आणि मोबाईलवरून परस्पर भरलं जातं. जी व्यक्ती दिवसभर उपकरणं वापरते तिने बिल पाहिलेलंच नसतं.

वीज वाचवणं म्हणजे कद्रूपणा, असं लोकांना वाटतं. खरं आहे का?

वाटतं, आणि हा अडथळा कुठल्याही तांत्रिक अडचणीपेक्षा चिवट आहे. काटकसर आणि चिक्कूपणा यांच्यात आपल्याकडे एक अदृश्य रेघ आहे, आणि पाहुणे आले की ती सरकते. एरवी पंख्यात झोपणारं घर व्याही आले की एसी १८ वर लावतं. मग सगळे शाल पांघरून गप्पा मारतात. मी स्वतः अशा एका दिवाणखान्यात स्वेटर मागून घेतला आहे, मे महिन्यात, नागपुरात.

यावर उपदेशापेक्षा एक साधी तरतूद बरी. तारांकित खोली-एसी सुरू केला की तो आपोआप २४ अंशांवर असायला हवा, असा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. तापमान एक अंशाने वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. रिमोटवरून १८ करायला कोणी अडवत नाही, पण आता ते मुद्दाम करावं लागतं. बरेच जण करत नाहीत. माणसाची मूळ सेटिंग न बदलण्याची आळशी सवय इथे उपयोगी पडते.

शेजाऱ्यांचा वापर कळला तर आपला कमी होतो, हे कितपत खरं?

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात संशोधकांनी जवळपास ३०० घरांच्या दारांवर चिठ्ठ्या लावल्या: तुमचा वापर इतका, तुमच्या वस्तीची सरासरी इतकी. सरासरीपेक्षा जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला! आपण उगाच मन मारत होतो, असं त्यांना वाटलं असावं. मग काही चिठ्ठ्यांवर पेनाने एक हसरा चेहरा काढला, म्हणजे 'शाब्बास', आणि ही वाढ थांबली. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. त्याच गटाने पुढे लोकांना विचारलं, की तुम्ही वीज का वाचवता? पर्यावरण, पुढची पिढी, पैसे अशी उत्तरं आली. शेजारी वाचवतात म्हणून, हे कारण सर्वांत खाली होतं. प्रत्यक्षात मात्र वापराशी सर्वांत घट्ट नातं त्याच कारणाचं निघालं. आपण का वागतो हे आपल्यालाच नीट माहीत नसतं.

याच कल्पनेवर पुढे ओपॉवर या कंपनीने अमेरिकेत लाखो घरांना तुलनेची पत्रं पाठवली. सुमारे सहा लाख घरांवरच्या अभ्यासात सरासरी बचत निघाली २ टक्के. ऐकायला किरकोळ आहे, पण खर्च फक्त कागदाचा होता आणि कोणाचाही पंखा बदलावा लागला नव्हता.

आपल्या देशातही दिल्ली परिसरातल्या गृहसंकुलांत असा प्रयोग झाला आहे. त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. शेजाऱ्यांशी तुलना करणारा अहवाल मिळालेल्या घरांचा उन्हाळ्यातला वापर सुमारे ७ टक्क्यांनी घटला. दुसऱ्या गटाला हाच अहवाल आणि वर पैशांचं बक्षीस-दंड लावलं, तर तो परिणामच नाहीसा झाला.

म्हणजे पैशांचं आमिष उपयोगाचं नाही?

असं सरसकट नाही. पण पैसा मध्ये आला की प्रश्नच बदलतो. 'मी कसा वागतो' याऐवजी 'एवढ्या रुपयांसाठी कशाला' असं होतं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या कुटुंब-वसाहतीत ११८ घरांवर असाच एक प्रयोग झाला. काहींना सांगितलं की तुम्ही इतके डॉलर वाचवू शकता, काहींना सांगितलं की तुमच्या वापरामुळे इतकं प्रदूषण होतं आणि त्याचा मुलांच्या दम्याशी संबंध आहे. दुसऱ्या गटाने सरासरी ८ टक्के वीज वाचवली, मुलं असलेल्या घरांनी १९ टक्के. पैशांच्या निरोपाने बचत झालीच नाही.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत वीज स्वस्त, आपल्याकडे बिल भरताना डोळ्यांत पाणी येतं. बरोबर आहे. मी हा निष्कर्ष जसाच्या तसा चाळीतल्या घराला लावणार नाही. मध्यमवर्गी सोसायटीत मात्र मला तो रोज दिसतो: "महिन्याला दीडशे वाचतील" म्हटलं की लोक हसतात, कारण तेवढ्याचा एक पिझ्झाही येत नाही.

१०० युनिटच्या वर गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की मी तो सभेत सगळ्यात आधी काढून टाकतो. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. १२० युनिट झाले तर पहिल्या १०० ना पहिलाच दर लागतो, फक्त २० ना पुढचा. मात्र दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतो, त्यामुळे बिल उडी मारल्यासारखं वाटतं.

गैरसमजाचा तोटा असा की "एवीतेवी शंभर ओलांडले, आता काय" म्हणून उरलेला महिना लोक हात सैल सोडतात. खरं तर वाचवलेलं युनिट त्याच वेळी जास्त मोलाचं असतं, कारण ते सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतं.

जास्त तारे असलेलं उपकरण घेतलं, तरी बिल कमी का होत नाही?

तीन कारणं मला वारंवार भेटतात. पहिलं, लोक तारे मोजतात, आकडा वाचत नाहीत. लेबलवर वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं. मोठ्या पाच तारे फ्रिजचा तो आकडा छोट्या तीन तारे फ्रिजपेक्षा जास्त असू शकतो. एसीच्या लेबलवरचा आकडा वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो. तुम्ही त्याहून जास्त वापरलात तर तो तुमचा नाही. दुसरं, निकष अधूनमधून कडक होतात, म्हणून काही वर्षांपूर्वीचे पाच तारे आजचे पाच नसतात. तिसरं कारण माणसाचं: "आता पाच ताऱ्यांचा आहे, चालू दे रात्रभर."

पंख्यांचं मात्र वेगळं आहे. छताच्या पंख्यांना तारांकन १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं, आणि इथे हिशेब सरळ आहे. जुना पंखा साधारण ७५ वॉट, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, ३० च्या आसपास. रोज दहा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. पंखा जास्त वेगाने फिरवा की कमी, कोणाला 'जपून वापर' असं सांगायची गरज उरत नाही. तरी लग्नात कोणी आहेर म्हणून बीएलडीसी पंखा दिलेला मी अजून पाहिला नाही. मिक्सर तीन-तीन येतात.

पंखा एकवर ठेवला की वीज वाचते का?

रेग्युलेटर कुठला, यावर आहे. जुना, मोठा, हाताला गरम लागणारा डबा असेल तर फार नाही, कारण उरलेली वीज तो स्वतःच उष्णतेत घालवतो. इलेक्ट्रॉनिक असेल तर वाचते.

एलईडी तर सगळ्यांनी झटपट घेतले. मग लोक बदलत नाहीत असं का म्हणता?

कारण तिथे लोकांना बदलावंच लागलं नाही. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केली आणि एका बल्बची खरेदी किंमत २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. देशभरात ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. होल्डर तोच, बटण तेच, उजेड जास्त, किंमत परवडणारी. जाहिरातीने मदत केली असेल, पण काम केलं किमतीने आणि सोयीने. शिकवणीचं यश म्हणून हे उदाहरण देणाऱ्या वक्त्यांशी माझं पटत नाही.

भारनियमनाच्या काळात आपण बचत शिकलो होतो. ती सवय कुठे गेली?

शिकलो होतो का, याबद्दल मला शंका आहे. सहा-सहा, आठ-आठ तास वीज जायची तेव्हा गावोगावी लोकांनी इन्व्हर्टर घेतले, टाक्या मोठ्या केल्या, वीज आली रे आली की पंप, गिरणी, इस्त्री सगळं एकदम सुरू. वीज कधी जाईल ते वेळापत्रक ठरवत होतं. आपण किती वापरतो याचा त्यात कुठे संबंधच नव्हता.

याउलट अलास्कातलं जूनो शहर. एप्रिल २००८ मध्ये हिमस्खलनाने जलविद्युत केंद्राची वाहिनी तोडली, डिझेलवर वीज करावी लागली आणि दर कितीतरी पट वाढणार असं जाहीर झालं. काही आठवड्यांत शहराचा वापर २५ टक्क्यांहून जास्त घटला. दुकानदार, रेडिओ, शेजारी सगळे एकाच विषयावर बोलत होते, आणि दुरुस्ती झाल्यावरही त्यातली काही बचत टिकली. संकट समान होतं, कारण उघड होतं आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. भारनियमनात आपल्याला शेवटची गोष्ट कधी मिळालीच नाही.

मी भाड्याने राहतो. माझ्या हातात काय आहे?

कमी आहे, हे मान्य. पंखे आणि गिझर घरमालक घेतो, सर्वांत स्वस्त घेतो, आणि बिल तुम्ही भरता. इथे जागरूकता दोघांचीही पुरत नाही, कारण खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा. दोन वर्षं राहणार असाल तर पंखा स्वतःचा आणा आणि जाताना काढून न्या. गाद्या नेतो तसं. करार करतानाच जुना गिझर बदलून मागता येतो, नंतर नाही.

टीव्ही रिमोटने बंद केला तर वीज चालूच राहते का?

थोडी. आमचा सेट-टॉप बॉक्स प्लगमधल्या मीटरवर लावून बघितला, तर 'बंद' असतानाही ९ वॉट घेत होता. महिन्याला पाच-सहा युनिट. बटणावरून बंद करा, पण यालाच बचत समजून समाधान मानू नका.

छतावर सोलर बसवलं. आता बचतीचा विचार कशाला?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून हा प्रश्न वाढला. तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, पॅनेल बसतं, पहिलं बिल नाममात्र येतं. मग "फुकट आहे" म्हणून दुसरा एसी येतो, आणि वर्षभराने बिल पुन्हा जुन्या जागी. आमच्या ओळखीच्या एका घरात नेमकं हेच झालं; त्यांनी दोष पॅनेलला दिला, तपासणाऱ्याला बोलावलं, पॅनेल ठणठणीत निघालं. आधी पंखे बदला, मग छत मोजा. कमी किलोवॉटमध्ये भागतं.

स्मार्ट मीटरला लोक एवढा विरोध का करतात? त्याने तर वापर कळतो.

वापर कळतो, पण मीटर कोण आणि कशासाठी लावतंय यावर विश्वास असावा लागतो. प्रीपेड मीटर म्हणजे पैसे संपले की अंधार, ही भीती आधी पोचली. मोबाईलवर ताशी वापर दिसेल हे नंतर. २०२४ मध्ये राज्य सरकारला सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर करावं लागलं. मी स्वतः मीटरच्या बाजूचा आहे, पण जो निर्णय लोकांना बिल हातात पडल्यावर कळतो त्यावर लोकांनी चिडू नये, ही अपेक्षा मला जमत नाही.

घरात मी एकटाच ओरडतो, कोणी ऐकत नाही. काय करू?

ओरडणं बंद करा आणि मागच्या महिन्याचं बिल फ्रिजवर चिकटवा. मागच्या बारा महिन्यांचा वापर दाखवणारा आलेख दिसेल अशा बेताने. त्याच्या शेजारी रविवारी मीटरचा आकडा लिहायला एक कागद लावा, आणि पेन दोऱ्याने बांधा, नाहीतर ते दुसऱ्या दिवशी गायब होतं.

आमच्या घरी आकडा लिहिण्याची पाळी लावली आहे. माझी पाळी दोनदा चुकली तेव्हा मुलाने कागदावर माझ्या रकान्यात 'बाबा: अनुपस्थित' असं लिहून ठेवलं. गिझर कोणी चालू ठेवला यावरचा वाद आता मी काढत नाही, कागद काढतो. गेल्या आठवड्यातला वाढलेला आकडा माझाच निघाला: पाणी तापायला लावून पेपर वाचत बसलो होतो.